फुटलेल्या गटानं जुन्या पक्षावर दावा सांगावा की नवा पक्ष काढावा?

प्रश्न थोडक्यात असा: एका प्रादेशिक पक्षात अध्यक्ष एका बाजूला आणि बहुतेक आमदार दुसऱ्या बाजूला आहेत. आमदारांचा गट विचारतोय, "आमच्याकडे दोन-तृतीयांश आहेत, म्हणजे नाव, चिन्ह आणि आमदारकी तिन्ही शाबूत ना? आणि तसं नसेल तर नवा पक्ष काढायला काय काय लागतं?"

दोन-तृतीयांशवर विसंबू नका. हा आकडा राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एकाच ठिकाणी येतो, चौथ्या परिच्छेदात, आणि तो विलीनीकरणाचा आहे. दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं असेल आणि विधिमंडळ पक्षाच्या (म्हणजे सभागृहातल्या त्या पक्षाच्या आमदारांच्या) दोन-तृतीयांश सदस्यांची त्याला संमती असेल, तर अपात्रतेपासून संरक्षण मिळतं. गोव्यात २०१९ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघे भाजपमध्ये गेले, तो नेमका हा हिशेब. नुसतं फुटून वेगळा गट म्हणून बसायला पूर्वी एक-तृतीयांश पुरत असे. १९९१ मध्ये छगन भुजबळांचा गट शिवसेनेतून बाहेर पडला तो त्याच तरतुदीच्या आधारे. ९१ व्या घटनादुरुस्तीनं २००३ मध्ये तो तिसरा परिच्छेदच काढून टाकला. तेव्हापासून 'आमच्यात फूट पडली' हा कायद्यात बचाव राहिलेला नाही. टीव्हीवरच्या चर्चांत अजूनही 'वेगळा गट स्थापन केला तर वाचतील' असं ऐकू येतं, त्याकडे लक्ष देऊ नका.

म्हणून एकनाथ शिंदे गटानं २०२२ मध्ये विलीनीकरणाचं नावच काढलं नाही, फूट पडली असंही म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आम्हीच शिवसेना आहोत. पुढच्या वर्षी अजित पवार गटानं राष्ट्रवादीत तेच केलं. तुमच्या गटाला कुठल्या मोठ्या पक्षात जायचं नसेल तर प्रत्यक्षात दोनच रस्ते उरतात: जुन्या पक्षावर दावा सांगणं, किंवा राजीनामे देऊन नवा पक्ष काढणं. यातला एक आजच निवडा, कारण एकाच माणसानं दोन्हीवर चालायचं म्हटलं तर दोन्हीकडून पडतो. ते कसं, ते तमिळनाडूच्या उदाहरणातून नीट दिसतं.

२०१७ च्या मार्चमध्ये निवडणूक आयोगानं अण्णाद्रमुकचं 'दोन पानं' हे चिन्ह गोठवलं आणि नोव्हेंबरमध्ये ते पलानीस्वामी-पनीरसेल्वम गटाला दिलं. समोरच्या गटाचे टी. टी. व्ही. दिनकरन यांनी डिसेंबरमध्ये आर. के. नगरची पोटनिवडणूक अपक्ष म्हणून 'प्रेशर कुकर'वर लढवली आणि ४० हजारांहून जास्त मतांनी जिंकली. २०१८ च्या मार्चमध्ये त्यांनी अम्मा मक्कळ मुन्नेत्र कळघम हा नवा पक्ष जाहीर केला, पण नोंदणी लगेच केली नाही. कारण उघड होतं. दोन पानांवरचा दावा कोर्टात चालू होता आणि नवा पक्ष नोंदवला म्हणजे जुना सोडल्याची लेखी कबुली झाली असती. याची किंमत २०१९ च्या लोकसभेला मोजावी लागली. कुकर हवा म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. कुकर मिळाला नाही. सगळ्या उमेदवारांना एकच मुक्त (कुठल्याही पक्षासाठी राखीव नसलेलं) चिन्ह द्यावं असं न्यायालयानं सांगितलं, पण पक्ष नोंदलेला नसल्यानं उमेदवार कागदोपत्री अपक्षच धरले गेले. चिन्ह मिळालं 'भेटवस्तूची पेटी', तेही अर्ज भरून झाल्यावर, मतदान तोंडावर आलेलं असताना. कुकरवर वर्षभर केलेला प्रचार फुकट गेला आणि लोकसभेची एकही जागा आली नाही. दरम्यान त्यांच्या बाजूचे १८ आमदार २०१७ च्या सप्टेंबरमध्येच अपात्र ठरले होते. त्यांनी राज्यपालांना भेटून मुख्यमंत्र्यांवर विश्वास नसल्याची पत्रं दिली होती, एवढंच.

आता दाव्याच्या रस्त्याचं बघू. इथे तीन वेगळी दारं आहेत आणि प्रत्येक दारात प्रश्न वेगळा विचारला जातो. नाव आणि चिन्ह कुणाचं, हे भारत निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या १५ व्या परिच्छेदाखाली ठरवतो. कोण अपात्र, हे विधानसभा अध्यक्ष ठरवतात. कार्यालय, बँक खातं, ट्रस्ट यांचा वाद दिवाणी न्यायालयात जातो. दादरचं शिवसेना भवन ट्रस्टच्या मालकीचं असल्यानं चिन्हाच्या निकालाचा त्याला धक्का लागला नाही. एका दारात जिंकलात म्हणून दुसऱ्यात आपोआप जिंकत नाही.

आयोगापुढची कसोटी १९७१ च्या सादिक अली खटल्यापासून चालत आलेली आहे. तीन गोष्टी तपासल्या जातात: पक्षाच्या ध्येयधोरणांपासून कोण ढळलं, पक्षघटना कुणी पाळली, आणि बहुमत कुणाकडे आहे. पहिल्या कसोटीवर फारसं काही ठरत नाही, कारण दोन्ही गट त्याच नेत्याच्या त्याच विचारांचा हवाला देतात. दुसरी कसोटी कागदावर अवलंबून आहे आणि बहुतेक प्रादेशिक पक्षांचा कागद कच्चा असतो. मग उरतं बहुमत. तेही दोन भागांत मोजलं जातं, विधिमंडळातलं आणि संघटनेतलं.

शिवसेनेचा १७ फेब्रुवारी २०२३ चा निकाल या दृष्टीनं बारकाईनं वाचण्यासारखा आहे. आयोगाला २०१८ ची पक्षघटना आपल्या नोंदीत सापडली नाही, आणि त्यातली पदाधिकारी नेमण्याची पद्धतही लोकशाही वाटली नाही, म्हणून घटनेची कसोटी बाजूला पडली. संघटनेतलं बहुमत कुणाकडे, याचा समाधानकारक आकडा निघाला नाही. राहिले लोकप्रतिनिधी. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंदेंकडे होते. आयोगानं डोकी मोजून थांबायचं टाळलं आणि मतंही मोजली: निवडून आलेल्या ५५ आमदारांना मिळालेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के या ४० जणांची होती. ही पद्धत बरोबर की चूक यावर वाद आहे, आणि पडलेल्या उमेदवारांची मतं का धरली नाहीत हा आक्षेप मला वजनदार वाटतो. पण तयारी करणाऱ्यानं हे धरूनच चालावं.

यातून व्यवहारात काय करायचं? सर्वात आधी आयोगाच्या नोंदीत तुमच्या पक्षाचं काय आहे ते बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९ क कलमानुसार नाव, मुख्यालय, पदाधिकारी यांतला कुठलाही बदल विनाविलंब आयोगाला कळवावा लागतो. पक्षांतर्गत निवडणुका झाल्या की त्याचा अहवाल, नव्या कार्यकारिणीची यादी आणि पक्षघटनेत दुरुस्ती झाली असेल तर तिची प्रत, हे सगळं पोचपावतीसह फाइलला हवं. अधिवेशनात हात वर करून ठराव झाला आणि फोटो पेपरात आला, याला पुरावा म्हणत नाहीत. वाद सुरू झाल्यावर घाईघाईनं पाठवलेल्या प्रतींना तर किंमत शून्य. शिवसेनेच्या फुटीवरच्या मे २०२३ च्या सुभाष देसाई निकालात सर्वोच्च न्यायालयानं विधानसभा अध्यक्षांनाही हेच सांगितलं की दोन गट दोन घटना दाखवत असतील, तर वाद उद्भवण्यापूर्वी दोघांच्या संमतीनं आयोगाकडे गेलेली घटना धरावी. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी २०१८ ची घटना सोडून १९९९ ची धरली, ती याच आधारावर.

दुसरं, शपथपत्रं. पक्षघटनेनुसार जी सर्वोच्च सभा असेल, राष्ट्रीय कार्यकारिणी, प्रतिनिधी सभा किंवा महासभा, तिच्या सदस्यांची मंजूर यादी आधी हातात घ्या आणि त्या यादीतल्या प्रत्येकाचं स्वतंत्र शपथपत्र करा. त्यात पद, नेमणुकीची तारीख, पाठिंबा कुणाला आणि कधीपासून, एवढं स्पष्ट हवं. २०१७ च्या जानेवारीत समाजवादी पक्षाच्या वादात अखिलेश यादव यांच्या बाजूनं ५७३१ प्रतिनिधींपैकी चार हजारांहून अधिक शपथपत्रं सादर झाली, आमदार-खासदारांची वेगळी. समोरून मुलायमसिंहांनी शपथपत्रंच दिली नाहीत. १६ जानेवारीला 'सायकल' हे चिन्ह अखिलेशना गेलं. याउलट प्राथमिक सदस्यांचे लाखो अर्ज टेम्पो भरून नेले तरी उपयोग बेताचाच, कारण प्रश्न सदस्य किती हा नसतो. पक्षघटनेनं ज्यांना निर्णयाचा अधिकार दिलाय ते कुणीकडे, हे बघितलं जातं. एकाच नोटरीकडून एकाच दिवशी शेकडो शपथपत्रं, सगळ्यांवर एकाच वळणाच्या सह्या, असं झालं की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

वाद चालू असताना निवडणूक आली तर आयोग बहुधा नाव आणि चिन्ह दोन्ही गोठवतो आणि दोघांकडून तीन-तीन पर्याय मागतो. याची तयारी कुणीच करून ठेवत नाही, आणि मुदत दोन दिवसांचीही नसते. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीमुळे ८ ऑक्टोबरला धनुष्यबाण गोठलं आणि १० तारखेला दुपारी एकपर्यंत पर्याय द्यायचे होते. ठाकरे गटानं त्रिशूळ, उगवता सूर्य आणि मशाल दिलं. शिंदे गटानं त्रिशूळ, गदा आणि उगवता सूर्य. त्रिशूळ आणि गदा धार्मिक म्हणून बाद. उगवता सूर्य द्रमुकचं राखीव. शिंदे गटाचे तिन्ही पर्याय असे गेले आणि पुन्हा यादी द्यावी लागली, तेव्हा ११ तारखेला ढाल-तलवार मिळाली. दोघांनीही 'शिवसेना बाळासाहेब ठाकरे' हेच नाव मागितल्यामुळे ते कुणालाच मिळालं नाही. ठाकरे गटाची मशालही पूर्वी समता पार्टीची होती, आणि तो पक्ष लगेच दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्याची मान्यता २००४ मध्येच गेली होती. मान्यता गेल्यावर चिन्ह वापरण्याची सवलत सहा वर्षांपुरतीच असते, म्हणून याचिका फेटाळली गेली. तेव्हा पर्याय देताना चार गोष्टी तपासा: देशात कुठेही ते चिन्ह मान्यताप्राप्त पक्षासाठी राखीव आहे का, त्यात देवधर्म किंवा प्राणी-पक्षी आहे का, पूर्वी कुणाचं होतं का, आणि मुक्त चिन्हांच्या यादीत त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काही आहे का.

शेवटचा मुद्दा किती महाग पडतो ते साताऱ्यानं दाखवलं. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष – शरदचंद्र पवार या पक्षाला २०२४ मध्ये 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळालं. मुक्त चिन्हांत ट्रम्पेट होतं आणि मराठी यादीत त्याचं नाव छापलं होतं 'तुतारी'. साताऱ्यात पक्षाचा उमेदवार ३२ हजार ७७१ मतांनी पडला आणि ट्रम्पेटवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं मिळाली. दिंडोरीत अशाच अपक्षाला एक लाखावर मतं पडली, पण तिथे फरक मोठा असल्यानं जागा वाचली. चिन्ह मिळालं त्या दिवशीच मुक्त यादी उघडून बसायचं आणि सारखं दिसणाऱ्या किंवा सारख्या नावाच्या चिन्हावर लेखी हरकत टाकायची. निकालानंतर टाकलेली हरकत पुढच्या निवडणुकीच्या कामाची.

नवा पक्ष काढायचा ठरला तर प्रक्रिया कंटाळवाणी आहे, पण अवघड नाही. स्थापनेच्या तारखेपासून ३० दिवसांत अर्ज आयोगाकडे पोचला पाहिजे. मेळाव्यात घोषणा करून झेंडा फडकवला की घड्याळ सुरू होतं, म्हणून कागद तयार झाल्यावरच स्थापनेची तारीख लिहा. शुल्क १० हजार रुपये. पक्षघटनेत राज्यघटनेवर खरी श्रद्धा व निष्ठा, समाजवाद, धर्मनिरपेक्षता, लोकशाही तत्त्वं आणि देशाचं सार्वभौमत्व, एकता व अखंडता हे कलम २९ क मधल्याच शब्दांत हवं, स्वतःच्या भाषेत फिरवून लिहू नका. पक्षांतर्गत निवडणूक जास्तीत जास्त पाच वर्षांनी होईल, असं कलम हवं. मुख्यालयाच्या जागेसाठी मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. आणि किमान १०० सदस्यांची वैयक्तिक शपथपत्रं, की ते नोंदणीकृत मतदार आहेत आणि इतर कुठल्याही नोंदणीकृत पक्षाचे सदस्य नाहीत.

फुटलेल्या गटाचं गाडं या शंभर शपथपत्रांवर अडतं. जुन्या पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या आमदार-नगरसेवकानं यात सही केली की त्यानं पक्ष सोडल्याचं स्वतःच लिहून दिलं. त्यांची नावं शंभरातही नकोत आणि पदाधिकाऱ्यांतही नकोत, जोवर त्यांनी राजीनामा दिलेला नाही. जुन्या पक्षाचे तालुकाप्रमुख वगैरे असतील तर त्यांच्याकडून आधी राजीनाम्याची पत्रं घ्या, पोच घ्या, मग शपथपत्र. मतदार यादीतलं नाव आणि शपथपत्रातलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. यादीत आडनाव आधी आणि शपथपत्रात शेवटी, एवढ्यानंही त्रुटीपत्र येतं. शंभरावर थांबू नका, सव्वाशे-दीडशे करा. पुढे आयोग दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत दोन दिवस जाहिरात द्यायला सांगतो आणि हरकतींसाठी सहसा ३० दिवस ठेवतो. जुना पक्ष नावावर हरकत घेणारच, म्हणून मूळ नावाला नुसतं शेपूट जोडून नवं नाव करण्याचा मोह टाळा. वादात तात्पुरतं नाव देताना आयोग तसं करतो, नव्या नोंदणीत नाही.

नोंदणी झाली म्हणजे चिन्ह मिळालं असंही नाही. अमान्यताप्राप्त पक्षाला एकच चिन्ह हवं असेल तर चिन्ह आदेशाच्या १०(ब) परिच्छेदाखाली वेगळा अर्ज करावा लागतो. विधानसभेला किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात, महाराष्ट्रात म्हणजे १५. लोकसभेला किमान दोन. पसंतीक्रमानं दहा मुक्त चिन्हं द्यायची. सभागृहाची मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, आणि चांगली चिन्हं पहिल्या आठवड्यात जातात. चिन्ह कायम राहील हे मात्र गृहीत धरू नका. हरियाणात इंडियन नॅशनल लोकदलातून २०१८ च्या डिसेंबरमध्ये निघालेला जननायक जनता पक्ष २०१९ ची लोकसभा 'चप्पल'वर लढला आणि त्याच वर्षीची विधानसभा 'चावी'वर. ९० पैकी १० जागा आणि १४.८ टक्के मतं आल्यावर तो निकषात बसला.

निकष म्हणजे राज्य पक्षाच्या मान्यतेचे. विधानसभेत सहा टक्के मतं आणि दोन आमदार, किंवा तीन टक्के जागा अथवा तीन जागा यांपैकी जे जास्त ते, किंवा एकही जागा नसली तरी आठ टक्के मतं. लोकसभेचेही निकष आहेत. महाराष्ट्रात तीन टक्के म्हणजे नऊ आमदार, गोव्यात तीन. मनसे २००६ मध्ये शिवसेनेवर दावा न सांगता वेगळा निघाला आणि २००९ मध्ये १३ आमदारांवर हा उंबरठा ओलांडला. कधी मान्यता भलतीकडेच मिळते: बिहारमधल्या फुटीतून निघालेला लोक जनशक्ती पक्ष (रामविलास) २०२३ मध्ये राज्य पक्ष ठरला तो नागालँडमध्ये. मान्यता नसण्याचा रोजचा त्रास वेगळा असतो. उमेदवाराला एकाऐवजी दहा सूचक लागतात, आणि स्टार प्रचारक चाळीसऐवजी वीसच नेमता येतात. दहा सूचकांपैकी एकाचा यादीभाग क्रमांक चुकला तरी छाननीत अर्ज उडू शकतो.

या सगळ्या काळात आमदारांनी काय करू नये, हे त्यांना लेखी द्या. 'स्वेच्छेनं सदस्यत्व सोडणं' म्हणजे राजीनामाच असं नाही, हे गोव्याच्या रवी नाईक खटल्यात १९९४ मध्येच ठरलंय. वागण्यावरून तसा निष्कर्ष काढता येतो. शरद यादव २०१७ मध्ये प्रतिस्पर्धी पक्षाच्या पाटण्यातल्या सभेला गेले, त्यावरून राज्यसभेतून अपात्र ठरले. तेव्हा व्यासपीठ, बॅनर आणि सोशल मीडियावरच्या पोस्टी सांभाळा. व्हीप (मतदान कसं करायचं याचा पक्षाचा आदेश) कुणाचा चालणार, हा मुद्दा सुभाष देसाई निकालानं स्पष्ट केला: तो काढणारा प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही. पण व्हीप काढणं आणि तो बजावल्याचं सिद्ध करणं यात अंतर आहे. ठाकरे गटाचे १४ आमदार नार्वेकरांच्या निकालात वाचले, कारण शिंदे गटाला व्हीप रीतसर बजावल्याचं दाखवता आलं नाही. नुसत्या व्हॉट्सॲपवर भागवू नका. हातात द्या, सही घ्या, नाकारला तर पंचनामा करा. उलट बाजूनं, तुमच्या आमदारानं व्हीप मोडला आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केला तर तो विषय तिथेच मिटतो.

विधानसभा अध्यक्ष अपात्रतेचा निकाल कधी देतील, याचा हिशेब वेगळा ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात तीन महिन्यांची मर्यादा सुचवली होती. शिवसेनेला दीड वर्ष लागलं.

उमेदवारी अर्ज भरण्याच्या दिवसांत एबी फॉर्मवरून मारामारी होते. ए फॉर्म म्हणजे उमेदवारांची नावं कळवायचा अधिकार पक्षानं कुणाला दिलाय ते, नमुना सहीसह. बी फॉर्म म्हणजे त्या अधिकृत माणसानं दिलेलं उमेदवाराचं नाव. दोन्ही शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचले पाहिजेत, शाईच्या सहीनिशी. झेरॉक्स, स्कॅन किंवा रबरी शिक्क्याची सही चालत नाही. फुटीच्या काळात ए फॉर्मवर कुणाची सही आयोग मानतो, हे आधी लेखी विचारून घ्या.

महापालिका-जिल्हा परिषदांचं प्रकरण मात्र वेगळंच आहे. तिथे राज्य निवडणूक आयोग आणि १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा लागू होतो. दिल्लीतली नोंदणी तिथे पुरेशी नाही, राज्य आयोगाकडे स्वतंत्र करावी लागते. महापालिकेतल्या गटाची नोंद विभागीय आयुक्तांकडे होते. २०१७ मध्ये मुंबईत मनसेच्या सातपैकी सहा नगरसेवकांनी शिवसेनेत जाताना कोकण विभागीय आयुक्तांकडेच पत्र दिलं होतं. तुमच्याकडे आमदारांपेक्षा नगरसेवक जास्त असतील, तर पहिलं पत्र तिकडे जाईल.